कोठीतून काढलेले लॉनमोअर चोकवर सुरू होते आणि लगेच बंद पडते, त्याचे निदान कसे करावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या सुदामानगर भागातील एका रहिवासी संघाच्या बगीच्यात पेट्रोलवर चालणारे, चार स्ट्रोकचे, मागून ढकलत न्यायचे लॉनमोअर आहे. नोव्हेंबरमध्ये गवताची वाढ मंदावल्यावर ते टाकीतल्या पेट्रोलसकट कोठीत ठेवले गेले आणि जूनच्या अखेरीस, पहिले पाऊस पडून गवत उभे राहिल्यावर बाहेर काढले. चोक लावून काही वेळा दोरी ओढली की इंजिन सुरू होते, पण चोक काढताच काही सेकंदांत बंद पडते. चोक अर्धा ठेवल्यास चालू राहते, मात्र आवाज सारखा वर-खाली होत राहतो. प्लग नवा घातला, एअर फिल्टर बदलला, टाकीत ताजे पेट्रोल भरले, तरी फरक पडला नाही. मिस्त्री नवा कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग, बसवायला सांगतो आहे. तो बसवावा का?

इंजिन बंद पडते एवढ्याने निदान होत नाही. ते किती वेळाने आणि कोणत्या रीतीने बंद पडते, यावरून होते. तुमच्या वर्णनात दोन्ही गोष्टी आल्या आहेत, आणि त्या एकाच दिशेला बोट दाखवतात. चोक म्हणजे हवा अडवणारी झडप. ती मिटलेली असताना इंजिन चालते आणि उघडताच मरते, याचा अर्थ ठिणगी पडते आहे, कॉम्प्रेशन पुरेसे आहे, फक्त हवेच्या मानाने पेट्रोल कमी येत आहे. म्हणून प्लग आणि फिल्टर बदलून काही साधले नाही. दोष त्या बाजूला नव्हताच. उलट, फिल्टर धुळीने बुजलेला असता तर हवा कमी होऊन मिश्रण दाट झाले असते, सायलेन्सरमधून काळा धूर आला असता आणि चोक काढल्यावर इंजिन सुधारले असते, बिघडले नसते.

आता आवाज वर-खाली होण्याविषयी, कारण बहुतेक मिस्त्री इथेच गव्हर्नरची स्प्रिंग ओढायला घेतात आणि एका दोषाचे दोन दोष करून ठेवतात. लॉनमोअरचे इंजिन गव्हर्नरवर, म्हणजे वेग आपोआप ठरावीक ठेवणाऱ्या यंत्रणेवर, चालते. गवत नसताना, म्हणजे भार नसताना, वेग पूर्ण असला तरी थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात जाणारे मिश्रण कमी-जास्त करणारी, झडप जवळजवळ मिटलेली असते, आणि अशा वेळी पेट्रोलचा मोठा वाटा मुख्य जेटमधून नव्हे, तर पायलट जेटमधून येतो. (जेट म्हणजे कार्बोरेटरमधले, पेट्रोल मोजून सोडणारे बारीक छिद्राचे तोंड.) पायलट जेट अर्धवट बुजले की मिश्रण विरळ होते आणि वेग पडतो. वेग पडताच गव्हर्नर थ्रॉटल उघडतो, मुख्य जेटमधून पेट्रोल येते, वेग चढतो. वेग चढताच गव्हर्नर थ्रॉटल मिटवतो आणि पुन्हा तेच. हा गव्हर्नरचा दोष नसून तो आपले काम नेमके करीत असल्याचा पुरावा आहे. त्याच्या स्प्रिंगला हात लावू नका. ताण वाढवला तर पाते ठरलेल्या वेगापेक्षा जास्त फिरू लागते, आणि जास्त वेगाने फिरणारे पाते खड्याला लागले की काय होते ते सांगायला नको.

याच तर्काने एक छोटी परीक्षा करता येते. अर्ध्या चोकवर इंजिन चालू ठेवून यंत्र दाट गवतात न्या. गवतात शिरल्यावर आवाज स्थिरावला तर दोष पायलट जेटमध्ये आहे. रिकामे असताना बरे चालून गवतात शिरताच गुदमरले तर मुख्य जेट बुजले आहे. दोन्हीकडे हाल असतील तर दोन्ही जेट, किंवा त्यांच्या अलीकडे, टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या वाटेत अडथळा आहे. तुमच्या इंजिनाला चोकशिवाय काही सेकंदही निभत नाही, त्यामुळे मला दोन्ही जेटची शंका येते. तरी कार्बोरेटर उघडण्याआधी टाकीपासूनची वाट तपासून घ्यावी, कारण ते काम पाच मिनिटांचे आहे.

काम उघड्या जागी, इंजिन थंड असताना करावे आणि सर्वांत आधी प्लगची टोपी काढून बाजूला बांधून ठेवावी. पात्याच्या आसपास हात जाणार असेल तर ही अट मोडू नये. पाते हाताने फिरले तरी इंजिन क्षणभर पेटू शकते. यंत्र आडवे करायचे झाल्यास कार्बोरेटर आणि एअर फिल्टर वरच्या अंगाला राहतील असेच करावे, नाहीतर तेल फिल्टरमध्ये आणि सिलिंडरमध्ये उतरते आणि नंतर निळ्या धुराने घाबरायची पाळी येते.

पेट्रोलची नळी कार्बोरेटरच्या टोकाकडून काढून काचेच्या स्वच्छ बरणीत धरा आणि कॉक उघडा. अखंड धार पडली पाहिजे. थेंब-थेंब पडत असेल तर टाकीचे झाकण सैल करून पाहा; झाकण सैल करताच धार वाढली तर झाकणातील हवेचे छिद्र बुजलेले आहे. कुंभारीण माशीला असली छिद्रे आणि सायलेन्सरचे तोंड फार प्रिय असते, आणि मालव्यातल्या एका उन्हाळ्यात ती तिथे मातीचे पक्के घर बांधून मोकळी होते. मात्र झाकणाच्या दोषामुळे इंजिन काही सेकंदांत नव्हे, तर दहा-पंधरा मिनिटे चालून बंद पडते, आणि थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा चालते, हे लक्षात ठेवा. झाकण निर्दोष असूनही धार बारीक असेल तर टाकीच्या तळाची जाळी किंवा नळीतला फिल्टर भरला आहे. नळीही दुमडून पाहा. पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलमुळे जुन्या रबराची आतली बाजू मऊ होऊन सोलवटते आणि तिचे कण पुढे जाऊन जेटमध्ये अडकतात. अशी नळी धुऊन उपयोग नसतो, बदलावी.

बरणीतले पेट्रोल तासभर स्थिर ठेवून पाहणे बोधप्रद असते. तळाशी निराळा थर किंवा गोलसर थेंब दिसले तर पाणी शिरलेले आहे. इथेनॉल हवेतील बाष्प शोषते हे खरे, आणि थंडीत त्या मिश्रणाची पाणी विरघळवून ठेवण्याची क्षमता कमी होते हेही खरे, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीच्या गार रात्रींत थर वेगळे होऊ शकतात. पण वीस टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल दहा टक्केवाल्यापेक्षा जास्त पाणी पोटात घेते. म्हणून नुसत्या दमट हवेने थर सुटणे तितके सोपे नाही. बहुतेक वेळा पाणी सैल झाकणातून किंवा उघड्यावर ठेवलेल्या डब्यातून आलेले असते. वासही घ्या. ताज्या पेट्रोलचा वास झोंबतो. महिनोन्महिने पडून राहिलेल्याला वार्निशसारखा जड, आंबूस वास येतो, कारण हलके, लवकर पेटणारे घटक उडून गेलेले असतात आणि उरलेल्यांचे हवेशी संयोग होऊन चिकट राळ तयार झालेली असते. तुम्ही टाकीत ताजे पेट्रोल भरले, पण ते जुन्यावरच ओतले असेल तर टाकी पूर्ण रिकामी करूनच पुढे जावे. शिवाय ताजे पेट्रोल कार्बोरेटरच्या वाटीत (थोडे पेट्रोल साठवणाऱ्या खालच्या भागात) आणि जेटमध्ये वाळून बसलेली राळ आपोआप विरघळवत नाही. ती विरघळते ही समजूत फार पसरलेली आहे, आणि टाकीत ओतायची कसलीकसली द्रव्ये तिच्यावर विकली जातात.

एवढ्यात दोष सापडला नाही, आणि तुमच्या बाबतीत सापडणार नाही असाच माझा अंदाज आहे, तर कार्बोरेटर उघडावा. काढण्यापूर्वी मोबाईलने सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्या, विशेषतः गव्हर्नरच्या तारा आणि बारीक स्प्रिंग कोणत्या भोकात आहे याची. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये एक जाड, उष्णता अडवणारी चकती आणि तिच्या दोन्ही अंगांना गॅस्केट असतात. त्यांचा क्रम आणि कोणती बाजू कोणीकडे होती हे नक्की पाहून ठेवा. पुढे यंत्र ‘साफ करूनही तसेच चालते’ अशी जी तक्रार येते, तिच्यात उलट बसवलेले किंवा फाटलेले गॅस्केट पुष्कळदा निघते, कारण तिथून हवा आत ओढली गेली की मिश्रण पुन्हा विरळच होते.

खालची वाटी एका बोल्टने धरलेली असते. काही इंजिनांत हा बोल्ट म्हणजेच मुख्य जेट असतो. त्याच्या अंगाला किंवा टोकाला बारीक छिद्रे असतात आणि तो नुसता पुसून परत लावला तर सारी मेहनत वाया जाते. होंडाच्या जीएक्सव्ही १६० सारख्या, १६३ सीसीच्या इंजिनात रचना निराळी आहे: बोल्ट साधा असतो, मुख्य जेट मधल्या खांबात खालून पेचाने बसवलेले असते, त्याच्या वर पितळी नळी असते आणि तिच्या भिंतीत आडवी बारीक छिद्रे असतात. पायलट जेट वरच्या अंगाला, थ्रॉटलच्या स्क्रूजवळ, बहुधा प्लास्टिकच्या तुकड्याखाली दडलेले असते. ते खालून दिसत नाही, म्हणून साफ करणाऱ्याच्या नजरेतून सुटते, आणि तुमच्यासारख्या तक्रारीत खरा अपराधी तेच असते. मुख्य जेटचे छिद्र अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचे, तर पायलटचे त्याहूनही लहान असते. एवढ्याशा वाटेवर राळेचा पापुद्रा धरला तरी ती निम्मी होते.

जेट काढून आकाशाकडे धरून पाहा. छिद्र पूर्ण गोल आणि स्वच्छ उजेडाचे दिसले पाहिजे. कडेला किंचित झाकोळ असेल तर तोही दोषच समजावा. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा प्रत्येक वाटेतून मारावा, थोडा वेळ भिजू द्यावे, आणि मग हवेचा झोत द्यावा. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर त्यासाठी पुरतो. फवारा मारताना डोळ्यांवर चष्मा असावा, कारण एका छिद्रातून गेलेला द्रव अनपेक्षित ठिकाणाहून तोंडावर येतो. छिद्रात पोलादी तार, टाचणी किंवा ड्रिल घालू नये. पितळ मऊ असते. छिद्र केसभर मोठे झाले की मिश्रणाचे प्रमाण कायमचे बदलते. फारच घट्ट बसलेले असेल तर विजेच्या बारीक वायरमधला तांब्याचा एकच धागा वापरावा. पितळी नळीतले प्रत्येक आडवे छिद्रही असेच मोकळे झाले पाहिजे. रबरी रिंग, प्लास्टिकचा फ्लोट (वाटीतल्या पेट्रोलवर तरंगणारा तुकडा) आणि वाटी भरली की त्याने वर ढकलली जाऊन पेट्रोल अडवणाऱ्या सुईचे रबरी टोक मात्र फवाऱ्यापासून दूर ठेवावे. वाटीची रिंग पेट्रोलने फुगून खाचेत बसेनाशी झाली तर ती ओढून बसवू नका. काही तास मोकळ्या हवेत ठेवली की बहुधा पूर्ववत होते.

फ्लोटची सुई आपल्या जागेत सहज वर-खाली होते ना, हे पाहावे. राळेने ती मिटलेल्या अवस्थेत चिकटली तर वाटीत पेट्रोल येतच नाही. उघडी राहिली तर याच्या उलट, पेट्रोल उतू जाऊन सिलिंडरमधून तेलात उतरते. म्हणून तेलाची कांडी काढून पातळी वाढलेली आहे का आणि तेलाला पेट्रोलचा वास येतो का हे पाहून घ्यावे. तसे असेल तर तेल बदलल्याशिवाय इंजिन चालवू नये. पातळ झालेल्या तेलावर बेअरिंग फार काळ तगत नाहीत.

जोडून झाल्यावर चोकशिवाय इंजिन स्थिर चालले पाहिजे. तरीही वर-खाली होत असेल, तर इंजिन चालू ठेवून कार्बोरेटर आणि इंजिनाच्या सांध्यावर क्लीनरचा अगदी थोडा फवारा मारा, गरम सायलेन्सरपासून दूर राहून. वेगात फरक पडला तर सांध्यातून हवा शिरते आहे. फरक पडला नाही तर पायलटची वाट अजून पुरती मोकळी झालेली नाही, आणि कार्बोरेटर पुन्हा उतरवावा लागेल. हे कंटाळवाणे आहे, पण दुसरा उपाय नाही.

ज्यांचे यंत्र काही सेकंदांत नव्हे, तर तापल्यावर बंद पडते, त्यांनी कार्बोरेटर उघडण्याची घाई करू नये. झाकणाचे छिद्र वर सांगितलेच. त्याखेरीज इग्निशन कॉइल गरम झाल्यावर दगा देते. बंद पडताक्षणी प्लग काढून ठिणगी पाहिली तर ती नसते आणि अर्ध्या तासाने असते. ही परीक्षा गरम असतानाच घ्यावी लागते, थंड झाल्यावर घेतलेली निरर्थक ठरते. कोठीत उंदीर किंवा खारी असतील तर इंजिनावरचे पत्र्याचे कवच काढून पाहणेही आवश्यक आहे. सिलिंडरच्या पंखांमध्ये त्यांनी चिंध्या-काड्या भरल्या की थंड हवा फिरत नाही. इंजिन बंद करण्याच्या वायरचे आवरण कुरतडलेले असेल तर ती कंपनाने इंजिनाच्या अंगाला टेकते आणि इंजिन मध्येच गप्प होते.

वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलविषयी अलीकडे सर्वच विचारतात, म्हणून तेही सांगतो. हे पेट्रोल २०२३च्या फेब्रुवारीत निवडक पंपांवर आले आणि २०२५पर्यंत जवळजवळ सर्वत्र तेच मिळू लागले. होंडा आणि ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन यांच्या अशा इंजिनांच्या पुस्तिका मात्र दहा टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे सांगतात. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, दहा टक्केवाल्याला सुमारे १४.१ आणि वीस टक्केवाल्याला सुमारे १३.५. मोटारीतला संगणक हा फरक भरून काढतो. ठरावीक छिद्राचे जेट असलेला कार्बोरेटर काढू शकत नाही, म्हणून मिश्रण दहा टक्केवाल्याच्या मानाने मुळातच चारेक टक्के विरळ होते. निरोगी इंजिन एवढे सोसते. जेट थोडेसे बुजलेले असेल तर मात्र पूर्वी खपून गेले असते ते आता खपत नाही. माझे मत असे की दोष इथेनॉलपेक्षा त्या सात महिन्यांचा अधिक आहे, आणि त्यावरचा उपाय तुमच्या हातात आहे. हंगाम संपला की टाकी रिकामी करावी, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे आणि त्यानंतर वाटीचा निचऱ्याचा स्क्रू उघडून तळाशी राहिलेले थोडे पेट्रोलही काढून टाकावे. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि राळ धरते ती नेमकी त्या तळाच्या चमचाभर पेट्रोलाची. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून दोरी हळूच ओढावी आणि जोर लागू लागतो तिथे थांबावे. त्या स्थितीत दोन्ही व्हाल्व मिटलेले राहतात आणि दमट हवा सिलिंडरमध्ये जात नाही. सायलेन्सरच्या तोंडाला कापड बांधावे, आणि ते बांधल्याची चिठ्ठी हँडलला अडकवावी.

आता मिस्त्रीच्या सल्ल्याविषयी. वाटी उघडल्यावर आत फक्त तपकिरी राळ असेल तर नवा कार्बोरेटर घेण्याचे कारण नाही, ती निघते. पांढरी, खरबरीत बुरशीसारखी पूड आणि धातूला पडलेले खड्डे दिसले, तर ते पाण्याने झालेले गंजणे आहे. ते फवाऱ्याने विरघळत नाही, आणि आतल्या न दिसणाऱ्या वाटांमध्ये ते कुठवर गेले आहे हे कळत नाही. इंजेक्टर साफ करणाऱ्या गॅरेजकडे अल्ट्रासॉनिक टाकी असते, तिथे एकदा प्रयत्न करून पाहता येईल. त्यानेही जमले नाही तर बदलावाच. बदलताना मूळ कंपनीचा घ्यावा, किंवा इंदूरच्या सियागंज बाजारात मिळणारी नक्कल घ्यायचीच असेल तर तिच्या जेटवरचा आकडा जुन्या जेटशी ताडून पाहावा आणि जुने जेट फेकून देऊ नये. आकडा जुळत नसेल आणि पेच जुळत असेल, तर जुनेच जेट साफ करून नव्या अंगात बसवावे. नवा प्लग घेतलाच आहे, तर त्याची फटही एकदा मोजून ठेवा. जीएक्सव्ही १६० साठी ती ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते.